नोटीस पुण्याला, गाडी बाभुळगावात!

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर बाभुळगावात तासभर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चारचाकींचे नंबर वाचावेत. एमएच-२९ म्हणजे आपले यवतमाळ. पण त्याच्या जोडीला एमएच-१२ दिसते, एमएच-३१ दिसते, मधूनच ठाण्याची एमएच-०४ सुद्धा. या गाड्या पाहुण्यांच्या नाहीत, इथल्याच आहेत. शहरातल्या साहेबाने चार-पाच वर्षे वापरायची, नवी घेताना जुनी दलालाच्या हवाली करायची आणि दोन हात फिरून ती आपल्या तालुक्यात यायची, हा आता ठरलेला मार्ग झाला आहे. कुणी शिक्षकाने पगारावर कर्ज काढून ती घेतलेली असते, कुणी कापसाचे पैसे आल्यावर. तिच्यातूनच बाळंतीण यवतमाळच्या दवाखान्यात जाते, लग्नाचे वऱ्हाड जाते आणि विजयादशमीला सात-आठ माणसे दाटीवाटीने नागपूरला दीक्षाभूमीवरही जातात.

या गाडीत कारखान्यातूनच एखादा दोष आलेला असेल, तर तो तिच्या आजच्या मालकाला कोण सांगणार? आमचा प्रश्न एवढाच आहे.

प्रश्न काल्पनिक नाही. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या. कारण इंधन पंप सदोष असण्याची शक्यता. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. मार्च २०२४ मध्ये त्याच कंपनीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन-आर इंधन पंपाच्या मोटरसाठी पुन्हा बोलावल्या. या गाड्या जुलै ते नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या होत्या. होंडाने जून २०२० मध्ये ६५,६५१ आणि एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या याच पंपापायी बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर २०१७-१८ सालच्या ९० हजारांहून अधिक गाड्या! म्हणजे गाडी बनल्यापासून दोष जाहीर होईपर्यंत कधी साडेचार वर्षे गेली, कधी सहा-सात. तोवर पहिला मालक त्या गाडीला विसरूनही गेलेला असतो.

आता हा पंप काय चीज आहे ते समजून घेऊ. पेट्रोलच्या टाकीतच बुडालेली एक छोटी विजेची मोटर असते. तिच्या टोकाला प्लास्टिकची पाती असलेले चाक फिरते आणि पेट्रोल दाबाने इंजिनकडे ढकलते. होंडाच्या गाड्यांत दोष या चाकाचाच होता. जगभर टोयोटाच्या ५८ लाख गाड्या २०२० मध्ये अशाच चाकासाठी बोलावल्या गेल्या, त्यातले प्लास्टिक पेट्रोल शोषून फुगते, तडकते आणि पंपाच्या अंगाला घासू लागते. पंप अडकला की इंजिन बंद. गाडी घरासमोर बंद पडली तर मनस्ताप, पण घाटात किंवा ट्रकच्या पुढे रात्री बंद पडली तर जिवाशी खेळ.

आणि इथे गरिबाची खरी गंमत होते. गाडी बंद पडली की ओढून जवळच्या गॅरेजमध्ये नेली जाते. मिस्त्री टाकी उघडतो, पंप काढतो आणि म्हणतो, “भाऊ, रिझर्व्हवर चालवता न, मंग पंप जाईन नाही त काय!” मिस्त्री खोटे बोलत नाही. टाकीतले पेट्रोलच या मोटरला थंड ठेवते, त्यामुळे दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून सदा रिझर्व्हवर धावणाऱ्या गाडीचा पंप लवकर जातो हे खरेच आहे. पण त्यामुळे कंपनीचा दोष मालकाच्या गरिबीवर ढकलला जातो. जो पंप कंपनीने फुकट बदलून द्यायचा, त्याचे हजारो रुपये हा बापडा पदरचे मोजतो, वर स्वतःलाच दोष देतो. पुढची मेख तर याहून वाईट. सुटा विकलेला पंपही सदोष असू शकतो. जून २०१७ ते ऑक्टोबर २०२३ या काळात ज्यांनी डीलरच्या काउंटरवरून असा पंप विकत घेतला, त्यांनीही तपासणी करून घ्यावी, असे होंडाला २०२४ मध्ये सांगावे लागले. एकदा पैसे मोजून बसवलेला नवा पंपही संशयाखाली!

कायदा नाही असे नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये नॅनोला आगी लागण्याचे प्रकार झाल्यावर टाटांनी जादा सुरक्षा उपकरणे फुकट बसवून देऊ केली, पण याला रिकॉल म्हणायचे नाही असे बजावले. शब्दाचीसुद्धा एवढी भीती! जुलै २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता आली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले. सदोष गाडी परत बोलावण्याचा आदेश आता केंद्र सरकार देऊ शकते, आणि तेव्हा कंपनीने पूर्ण किंमत परत करावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी, असे त्यात लिहिले आहे. १ एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत.

मात्र त्या नियमांत एक ओळ आहे. सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाडीलाच. अमेरिकेत १९६६ पासून असा कायदा आहे, तिथे फुकट दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षे चालतो. आपल्याकडे सात! सात वर्षांनंतर गाडी कुणाकडे असते? ज्याने ती नवी घेतली त्याच्याकडे खचितच नाही. होंडाच्या २०१७ मध्ये बनलेल्या काही गाड्या २०२४ ची घोषणा झाली तेव्हा सात वर्षे ओलांडून गेल्या होत्या. कंपनीने आपणहून बोलावल्या म्हणून त्या वाचल्या, नियमाच्या जोरावर नव्हे.

दुसरे म्हणजे नोटीस. अधिकृत डीलर गाडीमालकांशी संपर्क साधतील, असे मारुतीने म्हटले होते. डीलरच्या वहीत नाव कुणाचे? जो त्याच्याकडे सर्व्हिसिंगला जातो त्याचे. बाभुळगावचा तिसरा मालक अधिकृत वर्कशॉपची पायरी चढतो कधी? फोन जातो पुण्याच्या साहेबाला, साहेब म्हणतो गाडी विकली, आणि विषय तिथेच संपतो. अमेरिकेत सरकारी नोंदणीतल्या आजच्या मालकाला टपालाने कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत प्रत्येक गाडीच्या मालकाचे नाव आहे, मोबाइल आहे. सिग्नल तोडला तर ई-चलानचा संदेश बरोबर येतो की नाही? दंड वसूल करायला जो पत्ता सापडतो, तो जीव वाचवायला का सापडत नाही?

आमच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. गाडी विकत घेतली, पैसे दिले, पण नावावर केली नाही असे घरोघरी आहे. फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाची सही घेऊन ते कागद वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचे, परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या आणि दलालाचे पैसे वाचवायचे. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. नाव साहेबाचेच राहिले तर सरकारी संदेशही साहेबालाच जाणार, मग दोष कुणाला देणार?

आमची मागणी साधी आहे. रिकॉल झालेल्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर ‘वाहन’मध्ये चढवावा. पीयूसी काढताना, विमा भरताना, नाव बदलताना तो समोर यावा आणि मालकाला तिथल्या तिथे मराठीत सांगावे. यवतमाळच्या परिवहन कार्यालयाने तालुक्याच्या शिबिरांत रिकॉलची यादी लावावी. सात वर्षांची अट पंधरावर न्यावी.

तोवर बसून राहू नका. आरसी बुकावर सतरा अक्षरी चासी नंबर असतो. मारुती, होंडा या कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला की आपली गाडी यादीत आहे की नाही ते कळते. घरातल्या शिकल्या पोराला पाच मिनिटांचे काम. गाडी यादीत असेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये जा, मालक कितवा हे तिथे विचारण्याचे कारण नाही, कारण दोष गाडीचा आहे. पंप बदलल्याचा कागद मागून घ्या. पैसे मागितले किंवा टोलवाटोलवी केली, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.