तरीवाल्यांचा किनारा

पालघरमधल्या नवापूरच्या किनाऱ्यावरून सरळ पश्चिमेला निघालं, की अरबी समुद्रापलीकडे अरबस्तान लागतं. त्याला वळसा घातला की तांबडा समुद्र, आणि मिसरचं वाळवंट ओलांडलं की भूमध्य समुद्र. दोन हजार वर्षांपूर्वी हा नेहमीचा व्यापारी रस्ता होता, आणि आपला पालघरचा किनारा त्या रस्त्यावर होता.

भूमध्य समुद्रातल्या प्राचीन संस्कृती पाहायला आज लहान जहाजांच्या सहली निघतात. हजारो प्रवाशांचं अजस्र जहाज जिथे शिरत नाही, तिथे शंभर-दोनशे माणसांचं जहाज सहज जातं. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा १८९३ साली खुला झाला. त्याची रुंदी जेमतेम २५ मीटर, त्यामुळे तो मार्ग लहान जहाजांचाच. क्रीटमधला क्नोसोसचा राजवाडा, डेलोस बेटावरचे भग्नावशेष, तुर्कस्तानातलं एफेसस, मिसरचं अलेक्झांड्रिया अशी ही वाट जाते. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या मराठी प्रवाशाने तिथे आपल्या सोपारा बंदराची आठवण जरूर काढावी.

कारण रोमन काळात माल अलेक्झांड्रियाहून नाईलमधून वर चढे, मग उंटांवरून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांत येई. जुलैच्या सुमारास जहाजं शिडं उभारत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थान गाठत. एकट्या म्योस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजं सुटतात, असं स्ट्राबोने नोंदवलं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचनंतरची बंदरं क्रमाने दिली आहेत. त्यांत ‘सुप्पारा’ म्हणजे सोपारा आणि ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण. भडोचहून सोपाऱ्याला येणारं गलबत डहाणू, तारापूर, नवापूर याच किनाऱ्याला समांतर येणार. भडोचला उतरणारा माल म्हणजे इटलीची द्राक्षमदिरा, तांबं, कथील, शिसं, पोवळी. परत जाताना सुती कापड, हस्तिदंत, अकीक आणि पिंपळी. कल्याणचा मामला मात्र बिकट झाला होता. सत्ता बदलल्यावर तिथे लागणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं हाच ग्रंथ सांगतो.

याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. भडोचजवळ नर्मदेच्या मुखाशी वाळूचे दांडे आणि भरतीची जबर ओढ. परक्या तांडेलाचं तिथे काही चालत नसे. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि जहाजं सांभाळून आत आणत. रोमचा भडोचशी चाललेला व्यापार अखेर कोळ्याच्या पाण्याच्या ज्ञानावर तरत होता.

याच सुमाराच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ज्या नद्यांवर फुकट तर, म्हणजे होडीची ने-आण, सुरू केली, त्यांत दमण, तापी यांच्याबरोबर ‘दाहनुका’ हे नाव आहे. म्हणजे आपली डहाणूची खाडी. पुढे शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट नवापूरच्या उत्तरेला चिंचणीला सापडला. त्यानुसार राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडलाचा कारभार पाहणारा मधुमती हा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्यानेही फुकट तर चालवली आणि अन्नछत्र घातलं. तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. दोन दानांमध्ये आठशे वर्षांचं अंतर आहे. राजे वेगळे, धर्म वेगळे, पण या खाड्यांच्या मुलखात पुण्य कशाला म्हणायचं हे दोघांनाही एकसारखं उमगलं होतं: माणसाला पैलतीरी पोचवणं.

रोमशी चाललेल्या त्या व्यापाराच्या खुणा दोन्ही टोकांना सापडल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. उलट बेरेनिकेच्या उत्खननात २०२२ साली संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला, तेव्हा आत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही मिळाला.

आज चिंचणीजवळ वाढवणला नव्या बंदराची पायाभरणी झाली आहे. ३० ऑगस्ट २०२४ ही त्याची तारीख. नवं बंदर आखताना या किनाऱ्याच्या मच्छीमाराला पाण्याचा जाणकार म्हणून पहिली मानाची जागा मिळायला हवी. इतिहासाने त्याला ती दिलेलीच आहे.

भूमध्य समुद्राची सहल जरूर करा. पण त्याआधी एक रविवार काढा. बोईसरहून विरार गाठा, पुढचं स्टेशन नालासोपारा. मुलांना घेऊन स्तूपापाशी जा आणि त्यांना सांगा, की ग्रीकांच्या बंदरांच्या यादीत आपल्या किनाऱ्यावरच्या या गावाचं नाव होतं.