‘दत्तक’ शब्दातील दाता आणि दत्तकविधानास लागणारा काळ

‘दत्तक’ हा मराठीतील तत्सम शब्द होय. ‘दा’ धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित ‘दत्त’, त्यास ‘क’ प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. ‘दिलेला’ हा त्याचा मूळ अर्थ. दिलेला म्हटले की देणारा आलाच. वाक्यात त्याचा उच्चार नसला तरी शब्दाच्या घडणीत तो असतो. संस्थेतील किंवा परक्या कुटुंबात संगोपनासाठी ठेवलेले मूल दत्तक घेण्यास इतका काळ का लागतो, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या अध्याहृत दात्यापाशी येऊन थांबते.

धर्मशास्त्रकारांस हा भेद पूर्ण ठाऊक होता. आईने किंवा बापाने दिलेल्या पुत्रास मनुस्मृतीत ‘दत्त्रिम’ म्हटले आहे. आईबापांनी किंवा त्यांपैकी एकाने टाकलेल्या आणि इतराने स्वीकारलेल्या पुत्रास मात्र ‘अपविद्ध’ असे निराळे नाव आहे. पुढील निबंधकारांनी कलियुगात औरस व दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य धरले आणि ‘अपविद्ध’ ही संज्ञा व्यवहारातून लोपली. संज्ञा लोपली, तशी मुले लोपली नाहीत. आज संस्थांमार्फत दत्तक दिली जाणारी पुष्कळ मुले जुन्या परिभाषेने अपविद्धच ठरतील.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने शब्दाचा जुना अर्थ राखला आहे. देणारे आईबाप व घेणारे समोरासमोर असतात. मूल प्रत्यक्ष दिले-घेतले जावे लागते. दत्तहोम आवश्यक नाही. तेथे कालावधीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे काम याहून अवघड आहे, कारण दाता नाही ही गोष्ट आधी सिद्ध करावी लागते. सापडलेले मूल बाल कल्याण समितीपुढे आल्यावर आईबापांचा शोध घेतला जातो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्यास चार महिन्यांत ‘दत्तकविधानासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ घोषित करावे, अशी मर्यादा आहे. आईबापांनी मूल स्वतः समितीच्या स्वाधीन केले असल्यास फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात. या मुदतींस दिरंगाई म्हणणे अन्यायाचे होईल. हरवलेले मूल स्वतःच्या घरी परतण्याची वाट तेवढ्याच काळात खुली असते.

खरी कोंडी निराळ्या मुलांची होते. आईबाप हयात आहेत, त्यांचा पत्ताही ठाऊक आहे, परंतु ते मुलास देतही नाहीत आणि नेतही नाहीत. अशी मुले वर्षानुवर्षे संस्थेत राहतात, आणि साधारणतः वयाच्या सहाव्या वर्षानंतर त्यांतील काहींना दुसऱ्या कुटुंबात ठेवले जाते. या व्यवस्थेस मराठीत अद्याप एक नाव स्थिरावलेले नाही. कोणी ‘प्रतिपालकत्व’ म्हणतात, कोणी नुसते ‘संगोपन’. दुसरा शब्द गोड असला तरी फसवा आहे. संगोपन कोणतीही आई करते, त्यातून तात्पुरतेपणाचा बोध होत नाही. वस्तुतः ‘आज आहे, उद्याचे सांगता येत नाही’ हाच या नात्याचा मुख्य विशेष.

हे तात्पुरतेपण किती काळ चालावे? २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याच कुटुंबास मूल दत्तक घेण्यापूर्वी पाच वर्षे सांभाळ करावा लागे. २०२४ च्या तत्त्वांत ही अट दोन वर्षांवर आली. सात वर्षांचे मूल घरात आले तर पूर्वी ते बाराव्या वर्षी अर्जाच्या पायरीवर पोचे, आता नवव्या. मूल कायदेशीररीत्या मुक्त असण्याची अट मात्र या दोन वर्षांनी आपोआप सुटत नाही. अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. अर्ज दोन महिन्यांत निकालात काढावा, असा दंडक आहे. त्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो.

नव्याने नाव नोंदविणाऱ्या दांपत्याचा काळ याच्या उलट वाटला जातो. गृहपाहणीचा अहवाल साठ दिवसांत व्हावयाचा असतो. मुलाची माहिती समोर आल्यावर त्याला राखून ठेवण्यास अवघे अठ्ठेचाळीस तास मिळतात. मधली प्रतीक्षा, विशेषतः निरोगी तान्ह्या मुलाची इच्छा असल्यास, अलीकडील वर्षांत तीन वर्षांहून अधिक झाली आहे. मागणी तान्ह्यांची, आणि संस्थांतून वाट पाहणारी पुष्कळ मुले मोठी किंवा आजारी, हे त्याचे एक उघड कारण होय.

एक नियम भाषाभ्यासकाने विशेष पाहावा असा आहे. मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. ‘दत्तक’ या शब्दात मूल हे दानक्रियेचे कर्म. त्याला विचारण्यास तेथे जागाच नाही. मराठी बोलीने मात्र ‘दत्तक देणे’ व ‘दत्तक घेणे’ यांच्या जोडीला ‘दत्तक जाणे’ असा तिसरा प्रयोग केव्हाच रूढ केला आहे, आणि त्यात कर्ता मूलच असतो.