के-२ जीवनसत्त्व धमन्या साफ करते का?

सीटी स्कॅनच्या अहवालात ‘कॅल्शियम स्कोअर’, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे मोजमाप, वाढलेला दिसला की के-२च्या गोळ्या घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. या गोळ्यांविषयीचे चार समज तपासून पाहू.

गैरसमज : के-२ धमन्यांमधले कॅल्शियम काढून हाडांकडे वळवते.
वस्तुस्थिती : धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारे ‘मॅट्रिक्स ग्ला’ नावाचे प्रथिन असते. ते कामाला लागण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते, इथपर्यंत खरे. पण साचण्याला अटकाव करणे वेगळे आणि साचलेले काढणे वेगळे. गोळीने जुना साठा विरघळतो, हे माणसांवरील चाचण्यांत सिद्ध झालेले नाही.

गैरसमज : संशोधनाने हा उपाय सिद्ध केला आहे.
वस्तुस्थिती : नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या ४,८०७ लोकांच्या अभ्यासात (२००४) आहारातून जास्त के-२ घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. मात्र ते फक्त निरीक्षण होते. अशा लोकांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. डेन्मार्कमध्ये ३६५ वयस्क पुरुषांपैकी काहींना रोज ७२० मायक्रोग्रॅम के-२ आणि सोबत ‘ड’ जीवनसत्त्व, तर इतरांना औषध नसलेली गोळी दोन वर्षे दिली. २०२२ मध्ये निकाल आला : हृदयाच्या महाधमनी झडपेवर कॅल्शियम साचण्याच्या वेगात लक्षणीय फरक नव्हता.

गैरसमज : स्कोअर उतरला म्हणजे धोका टळला.
वस्तुस्थिती : कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे घेणाऱ्यांचा स्कोअर उलट वाढू शकतो, तरी त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण घटते. मऊ, चरबीयुक्त थर फुटून गुठळी होण्याची भीती जास्त. कॅल्शियम भरलेला घट्ट थर त्यामानाने स्थिर असतो. म्हणून उपचाराचा कस झटके आणि मृत्यू कमी होण्यावर लागतो. के-२ त्या कसोटीला अजून उतरलेले नाही.

गैरसमज : जीवनसत्त्वच ते, अपाय कसला?
वस्तुस्थिती : कृत्रिम झडप बसवलेल्या अनेक रुग्णांना वॉरफरिन किंवा एसेनोकुमारोल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात. ती ‘के’ जीवनसत्त्वाचे काम रोखूनच परिणाम साधतात. के-२मुळे त्यांचा प्रभाव कमी होऊन गुठळीचा धोका वाढतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे आणि एलडीएल कोलेस्टेरॉल उतरवणे यांचा फायदा मात्र सिद्ध झालेला आहे. के-२ घ्यायचेच असेल, तर त्यासाठी चालू औषध बंद करू नका.