सही तुमची, तर कर्जही तुमचंच

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मागं एका गटाच्या बैठकीला गेले होते. सगळ्यांनी बचत भरली, एक ताई मात्र कोपऱ्यात गप्प बसून. बैठक संपल्यावर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी एक रुपया खाल्ला नाही, तरी बँकेचा माणूस माझ्याच दारात येतो."

झालं असं होतं. त्यांच्या मैत्रिणीचं आधीचं कर्ज थकलेलं, म्हणून तिला नवीन मिळेना. ती म्हणाली, "तुझ्या खात्यावर उचलू. हप्ता मी भरीन, तू फक्त सही कर." लहानपणापासूनची मैत्रीण, बाळंतपणात धावून आलेली. नाही कसं म्हणायचं? ४०,००० रुपये ताईंच्या खात्यात आले. त्याच दिवशी काढून मैत्रिणीच्या हातात रोख दिले. महिन्याचा हप्ता २,१००, मुदत २ वर्षं. मैत्रिणीनं ७ हप्ते भरले. मग घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली, आणि हप्ता थांबला. राहिले १७ हप्ते, म्हणजे ३५,७०० रुपये. वर उशिराचा दंड वेगळा.

आता कायदा काय बघतो ते सांगते. कर्ज हा बँक आणि सही करणारी यांच्यातला करार असतो. पैसे पुढं कुणी वापरले, याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. मैत्रिणीचं नाव त्या कागदावर कुठंच नाही, म्हणून बँक तिच्याकडे जाऊच शकत नाही. त्यात अर्जावर कारण लिहिलं होतं शेळीपालन. दारात शेळी नाही! म्हणजे "पैसे दुसरीनं नेले" हे सांगूनही ताईंची बाजू मजबूत होत नाही.

ताईंचं आणि मैत्रिणीचं जे ठरलं, तो वेगळा व्यवहार. त्याची वसुली ताईंनीच करायची. त्यासाठी पुरावा लागतो. रोख दिले त्याला चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. पण ते ७ हप्ते मैत्रिणीनं स्वतःच्या मोबाइलवरून ताईंच्या खात्यात पाठवले होते. पासबुकात नोंद आहे. "पुढच्या महिन्यात भरते गं" असे व्हॉट्सॲपचे निरोपही होते. ताई ते पुसायला निघाल्या होत्या, रागानं. मी म्हटलं, थांबा, तेच तुमचे कागद आहेत.

जामीन राहणाऱ्यांनीही ऐका. १८७२ च्या करार कायद्यात, वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. बँक आधी त्याच्याकडे जाईल, मग माझ्याकडे, असं धरून बसू नका. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते.

काही जणी कर्ज नाही, नुसतं खातंच देतात. पासबुक, एटीएम कार्ड, पिन, कधी सिमकार्डसुद्धा. "माझे थोडे पैसे येणार आहेत, महिन्याचे हजार देते." ते पैसे कुणाला फसवून आणलेले निघाले, तर पोलिसांची नोटीस तुमच्या नावावर येते आणि खातं गोठतं. मग रोजगार हमीची मजुरी, लाडक्या बहिणीचे १,५०० त्यातच अडकतात. असं खातं दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन कार्ड बंद करा. खात्यातून तुमचेच पैसे कुणी फसवून काढले असतील, तर लगेच १९३० ला फोन करा.

आणि कर्ज आधीच उचलून दिलं असेल तर? घरात लपवू नका, बँकेलाही तोंड चुकवू नका. शाखेत जाऊन खात्याचा उतारा घ्या आणि हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का, असा लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. हप्ता थकला की सिबिलसारख्या कंपन्यांकडे तुमच्याच नावावर नोंद होते, आणि उद्या पोराच्या शिक्षणाला कर्ज मागाल तेव्हा ती पुढं येते. ही नोंद वर्षातून एकदा फुकट बघता येते. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेल्या बिनतारण छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. शिवीगाळही बसत नाही. तसं झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा.

मैत्रिणीकडून पैसे मागायला वकील लागला तर बाईला तो सरकारकडून फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० हा नंबर लावा. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते, तेव्हा भांडण मिटेल म्हणून वाट बघत बसू नका.

ताईंनी तसंच केलं. वकिलाची नोटीस गेली, मैत्रीण तोडणीवरून परतल्यावर दोघी समोरासमोर बसल्या. गटासमोर कागद झाला: महिन्याला १,००० रुपये ती ताईंच्या खात्यात टाकणार. बाकीचे १,१०० ताई शिवणकामातून भरतात. दोन महिने झाले, पैसे वेळेवर आले आहेत.