डोक्यातला कोंडा

डिसेंबर-जानेवारीत बडोद्याची हवा कोरडी होते आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरांत खोबरेल तेलाची बाटली हाताशी येते. तेलाने खवले चिकटून बसतात, दिसेनासे होतात. कोंडा मात्र तिथेच असतो.

त्याचे मूळ मॅलासेझिया या बुरशीत आहे. फ्रेंच संशोधक लुई-शार्ल मॅलासे यांनी १८७४ मध्ये तिचे वर्णन केले. ती जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असते. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते आणि त्यातून ओलेइक आम्ल मोकळे करते. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही, त्यांना खाज सुटते, पेशी भराभर गळतात आणि काळ्या सदऱ्याच्या खांद्यावर पांढरा भुगा पडतो. अस्वच्छतेचा ठपका म्हणूनच अन्यायाचा. तेलग्रंथी वयात येताना जाग्या होतात, त्यामुळे कोंडाही बहुधा तेव्हाच सुरू होतो.

उपाय म्हणजे किटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेला शाम्पू. बहुतेक जण तो फेस येताच धुऊन टाकतात आणि औषध वाया घालवतात. तो केसांना नव्हे, त्वचेला चोळून तीन ते पाच मिनिटे ठेवायचा. किटोकोनॅझोलचा आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतर आठवड्या-पंधरवड्याने एकदा, कारण कोंडा परततो. लिंबू चोळल्याने आग होते, एवढेच.

जाड, चांदीसारखे खवले सोरायसिसचे असू शकतात. मुलांच्या डोक्यावर केस गळालेले चट्टे बहुधा गजकर्णाचे. अशा वेळी बडोद्यातल्या सयाजी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवावे.