कलमांचा विमा उतरतो, माणसाचा राहतो

नोव्हेंबर संपत आला की रत्नागिरीच्या बागायतदारांची फळपीक विम्यासाठी धावपळ सुरू होते. सातबारा, आधार, पासबुक घेऊन केंद्रावर रांगा लागतात. अवेळी पाऊस आला किंवा उन्हाने कैरी गळली तर चार पैसे हाती यावेत, एवढीच अपेक्षा असते. हा विमा कधी घ्यायचा असं कुणी विचारत नाही, कारण मोहोर धोक्यात येण्याआधी घ्यायचा हे लहान पोरही सांगेल. पण फवारणी, राखण, पेट्या आणि दलालाची उचल ज्याच्या जिवावर चालते, त्या माणसाच्या विम्याचा विषय निघाला की उत्तर येतं, "बघू पुढे." या "पुढे"मागची कारणं मी कितीतरी घरांत ऐकली आहेत. त्यांतली बहुतेक निव्वळ गैरसमजावर उभी आहेत.

"आधी लग्न तर होऊ दे," हे सगळ्यांत जास्त ऐकू येतं. विम्याची वेळ लग्नावर ठरत नाही. तुमच्या कमाईवर कोण जगतंय आणि तुमच्या सहीवर कुणाचं कर्ज उभं आहे, यावर ती ठरते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारा पंचवीस वर्षांचा मुलगा घ्या. वडिलांचं काम थांबलंय, आईच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत, बहीण कॉलेजात आहे आणि घर दुरुस्तीसाठी पतसंस्थेचं कर्ज त्याच्या नावावर आहे. त्याला बायको नाही, पण त्याच्या पगारावर तीन माणसं जगतात. शिवाय कर्जाला दोन जामीनदार आहेत. कर्जदार गेला म्हणून जामीनदार सुटत नाही; उरलेले हप्ते शेजारच्या काकांच्या दारात जाऊ शकतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कर्जाच्या कागदावर सही होईल त्याच आठवड्यात विम्याचा अर्ज भरावा. याउलट आईवडिलांना पेन्शन आहे, डोक्यावर कर्ज नाही, अशा तिशीतल्या मुलाने आजच विमा घेतला नाही तरी घर उघड्यावर पडणार नाही.

बारशाला आलेली मंडळी "बाळाच्या नावे एक पॉलिसी काढा" असं प्रेमाने सांगतात. बाळाच्या कमाईवर घरात कुणीच जगत नाही. बाळ मात्र आईबापांच्या कमाईवर जगतं. बारशाच्या आठवड्यात विमा उतरवायचाच असेल तर तो त्यांचा उतरवा.

मार्च महिन्यातली खरेदी हा आणखी एक घोळ. जुन्या करप्रणालीत 80 सी कलमाखाली दीड लाखापर्यंतच्या वजावटीत हप्ता धरला जात असे, म्हणून वर्षअखेरीला मिळेल ती पॉलिसी घ्यायची सवय लागली. 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. कर वाचवायला घेतलेल्या पॉलिसीत संरक्षण किती आहे, हे पुष्कळांनी आजवर पाहिलेलंच नसतं.

"मुदत विम्याचे (टर्म इन्शुरन्सचे) पैसे परत मिळत नाहीत" या तक्रारीमागे आपल्याकडचा इतिहास आहे. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, म्हणजे आपल्याच कोकणातल्या कुलाबा जिल्ह्याच्या सुपुत्राने, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 245 संस्था एकत्र आणून त्याच वर्षी 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. त्या विश्वासावर दोन पिढ्यांनी विमा म्हणजे बचत असंच मानलं. पण हिशेब मांडून पाहा. बचतीच्या पॉलिसीत वर्षाला पंचवीस हजार भरले तर वीस वर्षांच्या मुदतीला विम्याची रक्कम साधारण पाच लाख असते. निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या तिशीतल्या माणसाला तेवढ्याहून कमी हप्त्यात एक कोटीचा मुदत विमा मिळतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला आहे. हा विमा घर चालू राहण्यासाठी असतो. फळपीक विम्याचा हप्ता चांगल्या हंगामात परत मागायला आपण जात नाही.

"पस्तिशीत घेतला काय नि पंचेचाळिशीत काय." हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. मुदत विम्याचा हप्ता घेताना ठरतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. घेताना वय आणि तब्येत दोन्ही पाहतात. पंचेचाळिशीत साखर, रक्तदाब निघाला की हप्ता वाढतो, कधी अर्जच परत येतो. मग लपवालपवी सुरू होते. प्रस्तावाच्या अर्जात प्रश्न असतो, कोणत्याही स्वरूपात तंबाखूचं सेवन करता का? घरची बाई "नाही"वर खूण करते आणि मशेरीची डबी तिच्या मागच्या फळीवर असते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. विमा कायद्याच्या 45व्या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर तिच्यावर कोणत्याही कारणाने हरकत घेता येत नाही, पण त्याआधी लपवलेली गोष्ट दावा बुडवू शकते. दोन पैसे जास्त भरा, पण खरं लिहा.

कर्जबाजारी बागायतदाराने वेळ साधावी अशी आणखी एक गोष्ट आहे. 1874च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली नवऱ्याने स्वतःचा विमा बायकोमुलांसाठी काढला तर त्या पैशावर सावकाराला किंवा बँकेला हात घालता येत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच अर्जात लिहावं लागतं, मागाहून जोडता येत नाही. आणि देणेकऱ्यांना फसवण्यासाठीच ती काढली असं सिद्ध झालं तर संरक्षण जातं. म्हणून थकबाकीची नोटीस येण्याची वाट पाहू नये.

साठीनंतर मुलं हाताशी आली, कर्ज फिटलं, की बहुतेकांना नवा विमा लागत नाही. त्या वयात औषधपाण्याची तरतूद महत्त्वाची.

मिरकरवाडा बंदरात "आमचा विमा आहे" म्हणणाऱ्या खलाशाने तो कसला, हे एकदा बघून घ्यावं. बहुधा तो अपघात विमा असतो. बोटीवर हृदयविकाराचा झटका आला तर त्यातून काही मिळत नाही. पंतप्रधान जीवन ज्योती योजनेत वर्षाला 436 रुपयांत, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख मिळतात. नाव 18 ते 50 वयात नोंदवता येतं. दोन लाखांत घर जन्मभर चालत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे.

या योजनेचं वर्ष 31 मेला संपतं आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. नेमके तेच दिवस बोटी वर ओढायचे. 1 जूनपासून मासेमारी बंद, हंगामाचा हिशेब अजून व्हायचा आणि खात्यात शंभर रुपये. हप्ता कटत नाही, विमा बंद पडतो, आणि पासबुकात ती ओळ आलीच नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुन्हा नाव घातलं की पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यूचेच पैसे मिळतात. 1 ऑगस्टला बोट समुद्रात जाते. मेमध्ये चुकलेलं नाव जूनमध्येच पुन्हा घातलं, तर हे तीस दिवस बोट किनाऱ्यावर असतानाच सरतात.