डिझेल खाणाऱ्या जिवाणूचा 'सातबारा' कसा काढतात?

अकोला : ट्रॅक्टरमध्ये भरताना डिझेल सांडते, इंजिनाचे जळके ऑइल धुऱ्यावर ओतले जाते, टँकर पलटी झाला तर वावरात पाटच वाहतो. तिथले पीक पिवळे पडते. पण काही वर्षांनी त्याच जागी गवत उगवते. कारण मातीतले काही जिवाणू हे तेल खातात.

डिझेल म्हणजे कार्बन अन् हायड्रोजनच्या लांब साखळ्या. स्युडोमोनास, रोडोकॉकस असे जिवाणू ऑक्सिजन वापरून त्या तोडतात आणि पोट भरतात. पहिला घाव घालणाऱ्या एका जनुकाचे नाव 'अल्क-बी'.

आता कोणत्या जिवाणूत हे जनुक आहे, ते सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. म्हणून त्याचा जीनोम, म्हणजे एक प्रकारे सातबाराच, वाचतात. जिवाणूचा डीएनए काढून तुकडे करायचे, मशीन त्यावरची ए, टी, जी, सी ही चार अक्षरे वाचते, कॉम्प्युटर तुकडे जुळवतो. स्युडोमोनास पुटिडाची सुमारे ६२ लाख अक्षरे २००२ साली प्रसिद्ध झाली.

यात धोकाही कळतो. स्युडोमोनास एरुजिनोसा डिझेल खातो, पण माणसाच्या जखमेतही पू करतो. असला जिवाणू वावरात कोण टाकणार?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. किनाऱ्यावर आलेले तेल काढायला दिल्लीच्या 'टेरी' संस्थेचे 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचे मिश्रण वापरले गेले. आपल्या विदर्भात नागपूरची 'नीरी' संस्था अशा जिवाणूंवर काम करते.

शेतकऱ्यासाठी मुद्दा असा, की बहुतेक वेळा जिवाणू मातीत असतातच. त्यांना हवा, ओल, नत्र अन् स्फुरद कमी पडते. वऱ्हाडची काळी माती ओली झाली की हवा कोंडते. त्यामुळे थोडे डिझेल सांडले असेल तर वास गेल्यावर, वाफसा आला की वखरणी करावी, कुजलेले शेणखत घालावे. जाळू मात्र नये.

विहिरीचे वेगळे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा वास आला, तर जिवाणूंची वाट पाहू नका. पेट्रोलमधल्या बेंझिनने कॅन्सर होतो आणि पाणी उकळणे हा त्यावरचा इलाज नाही. ते पिणे बंद करा, जनावरांनाही पाजू नका आणि ग्रामपंचायतीला सांगून नमुना तपासायला पाठवा.